वशिल्याचं तट्टू आणि खोगीरभरती

नोकरीतल्या बिनकामाच्या माणसांसाठी वापरले जाणारे ‘वशिल्याचं तट्टू’ आणि ‘खोगीरभरती’ हे दोन्ही शब्द समानार्थी आहेत, असं म्हटलं जातं. ते पटत नाही. घोडदळात शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन येई आणि पगार त्या हिशोबानं मिळे. गणतीला चांगल्या घोड्याच्या जागी मरतुकडं तट्टू उभं करून ओळखीवर पास करून घेतलं की पूर्ण पगार चालू. म्हणून तट्टू म्हणजे एकच माणूस, आणि तो कसा आत आला तेही त्यात सांगितलेलं असतं. खोगीरभरतीत तसं नाही. खोगीर फुगीर दिसावं म्हणून आत चिंध्या, गवत, काहीही कोंबतात. तिथे वशिला असेलच असं नाही, नुसती निरुपयोगी गर्दी पुरे. एकट्या कारकुनाला खोगीरभरती म्हणणं मला तरी चुकीचंच वाटतं.

आणखी एक, इथे बडोद्यात मराठी घरांतून ‘लागवग’ (म्हणजे वशिला) हा शब्द सर्रास चालतो. मूळ गुजराती, प्रत्यय मराठी: ‘लागवगीनं चिकटला’. पण तो ओळखीपुरताच. काम हलकं की भारी हे त्यातून कळत नाही. बिनकामाच्या जागेसाठी ‘बसून पगार’ असं वेगळं जोडावं लागतं.