बेरियम-१२२ला स्ट्रेन (ताण) द्यायचाय, काय घेऊ?

चुंबकचाळा: बेरियम आयर्न आर्सेनाइडचा (म्हणजेच बेरियम-१२२चा) स्फटिक आहे, नखाएवढा, कागदासारखा पातळ. १३८ केल्विनच्या आसपास अँटिफेरोमॅग्नेट होतो (शेजारच्या अणूंची चुंबकत्वं उलटसुलट लागतात), पण तेव्हाच ट्विन डोमेन्स, म्हणजे एकमेकांना काटकोनात वळलेले पट्टे, पडतात आणि रोध मोजताना दोन्ही दिशांची सरमिसळ होते. सगळी डोमेन्स एकाच दिशेची हवीत. द्रव नायट्रोजन आहे, हीलियम नाही. बजेट फार तर एका पिझो स्टॅकचं (व्होल्टेज दिलं की लांबी बदलणारा ठोकळा).

थंडडोकं: तीन स्टॅकवाला तयार सेल (स्फटिक ताणायचं-दाबायचं उपकरण) घ्या. आतला आणि बाहेरचे स्टॅक थंडीत सारखेच बदलतात, त्यामुळे फुकटचा ताण येत नाही. असल्याच सेलमध्ये स्ट्रॉन्शियम रुथेनेटचा टीसी (अतिवाहक होण्याचं तापमान) १.५ वरून ३.४ केल्विनला गेला. आमच्याकडे दोन आहेत.

चुंबकचाळा: बजेट वाचलंत का?

तुटकातुकडा: एकाच स्टॅकच्या बाजूला इपॉक्सीने चिकटवा, झालं. मी आधी जाड थर लावला, ताण गोंदातच जिरला. मग पातळ लावला, तर थंड होताना रोध एकदम आभाळाला. उघडून बघतो तर दोन तुकडे. पिझो पोलिंगच्या दिशेने (बनवताना त्याला विद्युत ध्रुवित केलेल्या दिशेने) थंडीत आकसायच्या ऐवजी लांबतो, हे नंतर कळलं.

जुनाखडू: ताणाने चुंबकत्व बदलतं हे विलारीने १८६५मध्येच दाखवलंय. यात नवीन काय?

थंडडोकं: त्याआधी जूल, १८४२.

जुनाखडू: ते उलटं हो! चुंबकन केल्यावर लोखंडाची लांबी बदलते ते जूल. तुमचे दोन सेल सांभाळा.

रोधकथा: कोणत्या दिशेने दाबणार ते आधी ठरवा. स्फटिकाच्या कडा बहुधा टेट्रागोनल १०० दिशेच्या (थंड होण्याआधीच्या चौरस रचनेच्या बाजूंना समांतर) असतात, लोह-लोह दिशा, म्हणजे शेजारच्या लोह अणूंना जोडणारी, त्यांना ४५ अंशांत. डोमेन्स त्या दिशेने ठरतात. कडेला समांतर दाबलंत तर डोमेन्स ढिम्म हलणार नाहीत. एक्स-रेने दिशा बघा, मग तिरकं कापा. काही मेगापास्कल पुरतात.

तुटकातुकडा: तेच म्हणतोय, स्टॅकला चिकटवा.

थंडडोकं: स्क्रूचा क्लॅम्प तेवढा नको. थंड झाल्यावर ताण बदलता येत नाही, किती दिला तेही कळत नाही.

चुंबकचाळा: ४५ अंशांबद्दल आभार, मी सरळ कडेलाच दाबणार होतो. क्लॅम्पच करतोय. मला ताण बदलत बसायचं नाहीये, दाबलेली दिशा आखूड बी अक्ष (थंड स्फटिकाच्या दोन आडव्या अक्षांतला छोटा) झाली की काम झालं.

रोधकथा: चालेल. फक्त दाब कायम असल्याने १३८च्या वरही दोन दिशांत फरक दिसेल. त्याला नवा शोध समजू नका.

थंडडोकं: सेलची लिंक देऊ का?