डोंगरमाथ्यावरचे इंकांचे कट्टे नेमके कशाला?

गवंडीकाका: मंडळी, आमचं तीन पिढ्यांचं गवंडीकाम, सोलापुरात. रविवारी नातवानं मोबाइलवर फोटो दाखवला. अर्जेंटिना-चिलीच्या सीमेवरचा यूयायाको ज्वालामुखी, उंची 6,739 मीटर, आणि माथ्यालगत इंकांनी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या साम्राज्याच्या लोकांनी, दगड रचून भर घातलेला चौथरा! इथं दुसऱ्या मजल्यावर वाळू चढवायची म्हटली तरी बिगारी तोंड वाकडं करतात. वर ना वस्ती, ना बघायला माणूस. एवढा खटाटोप कशापायी?

आडवाट: काका, तिथं डोंगर हाच देव, त्याला 'आपू' म्हणतात. पाऊसपाणी त्याच्या हातात. त्याच चौथऱ्यात 1999 मध्ये राइनहार्ड आणि सेरुती या पुरातत्त्व संशोधकांच्या चमूला तीन मुलं सापडली, थंडीनं जशीच्या तशी राहिलेली. सोबत सोन्याचांदीच्या इवल्याशा मूर्ती. 'कापाकोचा' विधीतले बळी. थोरल्या मुलीच्या केसांच्या तपासणीत दिसलं, की शेवटच्या वर्षात तिला कोकाची पानं आणि चिचा, म्हणजे मक्याची दारू, बरीच वाढवून दिली होती. वाचून घास उतरेना.

गवंडीकाका: अरेरे, लेकरं ती. सगळ्याच कट्ट्यांवर असंच?

आडवाट: नाही हो. बळी क्वचितच. गावातल्या चौकात असायचा त्या कट्ट्याला 'उश्नू' म्हणत. त्याला कुंड आणि पाण्याची वाट, त्यात चिचा ओतायची. पेरूतल्या विल्कासवामानला पायऱ्यापायऱ्यांचा दगडी उश्नू अजून उभा आहे, वर दोघांना पुरेल असं दगडी आसन. आणि तुमच्या कामाची गोष्ट: इंकांची राजधानी कुस्को, तिथल्या मुख्य चौकातली माती काढून तिथं समुद्रकाठची वाळू आणून टाकली होती.

बाळीवेसकर: आपला सोलापूरचा संमती कट्टा आठवला! सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत देवाच्या लग्नाच्या अक्षता तिथंच पडतात. सिद्धरामेश्वरांची 68 लिंगं गावाभोवती, नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, फिरून प्रत्येकाला तेल. कुस्कोभोवतीही 41 रेषांवर तीनशेहून जास्त पूजास्थानं होती. संबंध काही नाही, पण गाव देवांनी बांधून घ्यायची रीत सारखीच वाटली.

गवंडीकाका: म्हणजे कट्टा नुसता बसायला नव्हता, जमिनीला पाजायला होता. हे पटलं बघा. आम्हीपण पायाच्या खड्ड्यात आधी दूध ओततो, नारळ, हळदकुंकू, सव्वा रुपया ठेवतो, मगच पहिला दगड. एकदा मालक घाईत होता, म्हणाला राहू द्या. मी थापी खाली ठेवली ती दूध येईपर्यंत उचलली नाही.

आता एवढंच सांगा, त्या कुंडाचा उतार कुठल्या अंगाला काढायचे?