रोजच्या वापरातल्या ८६ ला स्प्रिंग किती कडक? माझं मत: पुढे ४, मागे ६

पार्सिपनीकर

टोयोटा ८६ किंवा तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड घ्यायची, वर्षभरात कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा उंची बदलता येणारा एकत्र सेट) बसवायचे आणि पुढे-मागे ८ किलोच्या स्प्रिंग टाकून मोकळं व्हायचं, हा प्रकार आमच्या न्यू जर्सीत सर्रास दिसतो. ८ किलो म्हणजे स्प्रिंग १ मिमी दाबायला ८ किलो भार लागतो. इथल्या मापात साधारण ४५० पाउंड प्रति इंच. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत एवढी कडक स्प्रिंग घालणं म्हणजे चांगल्या गाडीचं नुकसान आहे, असं माझं ठाम मत आहे.

नुसत्या स्प्रिंगच्या आकड्यावरून काही कळत नाही. चाकापाशी किती कडकपणा पोचतो आणि त्यावर किती वजन बसलंय, यावरून गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होते ते ठरतं. आरामाच्या सेडानमध्ये हे १ हर्ट्झच्या थोडं वर असतं, स्पोर्ट्स कारमध्ये दीड ते दोन. पंख नसलेल्या रेसच्या गाड्या दोन ते अडीचमध्ये असतात.

आता हिशेब. ड्रायव्हरसकट गाडी १३१५ किलो धरली, तर चाक, ब्रेक वगैरे वजा जाता पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर साधारण ३१५ किलो, मागच्यावर २६५. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग-शॉकचा उभा खांबच चाक धरतो अशी रचना) असल्याने स्प्रिंगचा ९० टक्के कडकपणा चाकापर्यंत येतो. मागे स्प्रिंग चाक धरणाऱ्या आडव्या दांड्यावर, चाकापासून आतल्या बाजूला बसते. चाक १ मिमी हललं तर ती पाऊण मिमी दबते, आणि या पाऊणचा वर्ग होऊन चाकाशी जेमतेम ५६ टक्के उरतात. म्हणून ८/८ चा सेट पुढे २.४ आणि मागे २.०५ हर्ट्झ देतो. बॉक्सवर आकडा सारखा, रस्त्यावर पुढची बाजू रेसची आणि मागची तिच्यापेक्षा मऊ.

हे उलटं हवं. पुढचं चाक रस्त्याच्या सांध्यावरून आधी जातं, मागचं नंतर. मागची बाजू थोडी जलद असेल तर ती पुढच्या हालचालीला गाठते आणि गाडी सपाट राहते. मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे दाखवून दिलं होतं. ४/६ ला पुढे १.७ आणि मागे १.८ येतं. हिवाळ्यात गोठून-वितळून फुटलेल्या आमच्या रस्त्यांवर मला हेच योग्य वाटतं.

घाटरस्ता

हिशेब मान्य, निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

तुम्ही आरामाचा विचार केलात, दबायला जागा किती उरते याचा नाही. १ जीचा (गुरुत्वाकर्षणाइतका जोरदार) ब्रेक मारला की या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकावर साधारण ११५ ते १२० किलो जादा भार येतो. ४ किलोच्या स्प्रिंगवर नाक ३३ मिमी खाली जातं, ६ किलोच्या २२ मिमी. कॉइलओव्हर घेणारी बहुतेक मंडळी गाडी २५-३० मिमी खाली घेतातच. त्यात ब्रेक मारता मारता खड्डा आला की तुमची मऊ स्प्रिंग सरळ बंप स्टॉपवर, म्हणजे हालचाल संपते तिथल्या रबरी अडथळ्यावर. त्या क्षणी पुढचं टोक दगडासारखं होतं, आणि तेही नेमकं पकड हवी असताना.

दुसरं, मॅकफर्सनमध्ये गाडी कलली की बाहेरच्या टायरचा कँबर (वरच्या बाजूने आत झुकलेला तिरकेपणा) जातो आणि टायर बाहेरच्या कडेवर चालतो. डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन दांडे) थोडंफार सांभाळून घेतं, स्ट्रट नाही. म्हणजे या गाडीला पुढून कलणं कमी करणं गरजेचंच आहे. मी कॅलिफोर्नियात स्कायलाइन आणि हायवे ९ या वळणांच्या रस्त्यांवर नेहमी चालवतो. माझं उत्तर पुढे ६, मागे ८. दोन्हीकडे साधारण २.०५ हर्ट्झ.

आणि हादऱ्याचं खापर स्प्रिंगवर फोडू नका. कंबरेत बसणारा तो टोकदार दणका बहुतेक वेळा डँपरचा (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा) असतो. चाक झटक्यात वर येताना तेलाला वाट मिळत नाही, म्हणून तो बसतो. चांगल्या डँपरवरची ६ किलोची स्प्रिंग वाईट डँपरवरच्या ४ पेक्षा सुखाची असते.

रानपाखरू

वाचतेय, फार उपयोगी धागा. माझी एनबी मियाटा (माझदाची छोटी दोन सीटर, दुसरी पिढी) आहे. मियाटाच्या मंडळींना पुढे १० किलो काहीच वाटत नाहीत आणि इथे ६ वर वाद चाललाय. मी हे आकडे माझ्या गाडीला लावू का?

पार्सिपनीकर

@रानपाखरू, नका लावू. मियाटाला पुढेही डबल विशबोन आहे. तिथे चाकाच्या तुलनेत स्प्रिंग दबण्याचं प्रमाण साधारण ०.७, त्याचा वर्ग अर्धा. तुमच्या १० किलोचे चाकाशी ५ उरतात. स्पेक मियाटा या रेसच्या वर्गात पुढे ७०० पाउंडच्या म्हणजे साडेबारा किलोच्या स्प्रिंग असतात, त्याही चाकाशी सहाच्या आसपास येतात. गाडी हलकी आहे हे वेगळंच.

@घाटरस्ता, तुमचा अर्धा मुद्दा गाडी खाली घेण्यावर उभा आहे. खाली घेऊच नका ना! कॉइलओव्हरने उंची बदलता येते, बदललीच पाहिजे असं कुठे आहे? उलट स्ट्रटची गाडी खाली घेतली की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतो आणि गाडीला कलवणारा तरफेचा हात वाढतो. म्हणजे आधी खाली घेऊन कल वाढवायचा आणि मग तो रोखायला कडक स्प्रिंग घालायची. कलणं रोखायला अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पिळाची सळई) आहे. पुढचा जाड घाला, सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात तेव्हा तो मध्ये पडत नाही.

चाकणकर

मी सस्पेन्शनच्याच कामात आहे, म्हणून दोघांनाही थोडं अडवतो.

ओली यांचा नियम बरोबर आहे, पण तो कमी डँपिंगच्या गाड्यांना जास्त लागू पडतो. ८६ चा व्हीलबेस २५७० मिमी. ताशी १०० ला मागचं चाक ०.०९ सेकंदाने त्याच सांध्यावर येतं, ५० ला त्याच्या दुप्पट वेळाने. म्हणजे पुढची-मागची गाठ एका ठरावीक वेगालाच नीट जमते. आणि स्पोर्ट्स कारला डँपिंग रेशो (डोलणं किती लवकर थांबतं याचं माप; १ ला डोलणंच उरत नाही) ०.६ च्या पुढे ठेवला तर गाडीचं डोलणं एका फेरीत संपतं. त्यामुळे मागची बाजू ०.१ हर्ट्झने जलद आहे की नाही, यावर जीव टाकू नये. ८/८ मधला ०.३५ चा उलटा फरक मात्र जाणवतो, तिथे पार्सिपनीकर बरोबर.

बारबद्दल सावध. दोन्ही चाकं सोबत उचलली तर तो गप्प, हे खरं. पण खड्डा बहुधा एकाच चाकाखाली येतो. तेव्हा जाड बार म्हणजे त्या चाकापुरती जादा स्प्रिंगच, आणि तिला डँपर जुळवलेला नसतो.

यावर कुणी बोललं नाही म्हणून सांगतो: स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तोच डँपिंग रेशो टिकवायला डँपिंग सुमारे १.४ पट लागतं. विकत मिळणाऱ्या सेटमध्ये स्प्रिंग बदलून देतात, डँपरच्या आतलं व्हाल्व्हिंग (तेलाची वाट ठरवणाऱ्या झडपा) बहुतेकदा तेच असतं. डँपरच्या बाहेरच्या बटणाचे तीस-बत्तीस क्लिक फिरवून प्रत्येक वेळी ती भरपाई होत नाही. स्प्रिंग निवडण्याआधी डँपरचा डायनो आलेख (कोणत्या वेगाला किती जोर देतो त्याची यंत्रावरची चाचणी) मागा. विक्रेता देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

शिवाय सरळ, एकसारख्या वेटोळ्याच्या स्प्रिंगची कॉलर (तिला धरणारी आट्यांची कडी) घट्ट केल्याने स्प्रिंग कडक होत नाही. प्रीलोड (आधीपासूनचा दाब) वाढतो, रेट (कडकपणा) तोच.

घाटरस्ता

@चाकणकर, डँपरचं अगदी पटलं.

@पार्सिपनीकर, उंची मूळची ठेवली तर ४ चालेल हे मानतो, पण मग कॉइलओव्हर कशासाठी? ऑटोक्रॉसला (शंकूंमधून एकेका गाडीची वेळेची शर्यत) एससीसीए या अमेरिकन क्लबच्या सोलो स्पर्धेतल्या स्ट्रीट वर्गात मूळ स्प्रिंग बदलता येत नाही, म्हणजे वर्ग हातचा गेला. बदल्यात मिळालं काय, तर मूळ गाडीपेक्षा किंचित घट्ट गाडी. एवढं सगळं केल्यावर वळणात पुढचं टोक लगेच उत्तर देणारं हवं, आणि ते मला ६ च्या खाली मिळत नाही.

पार्सिपनीकर

मिळतं काय तर चांगला डँपर, कँबर बदलण्याची सोय आणि चारही कोपऱ्यांचं वजन जुळवता येणं. माझ्या दृष्टीने खर्च यासाठीच आहे. पुढचं टोक आळशी वाटत असेल तर आधी पुढे दोन अंशांच्या आसपास निगेटिव्ह कँबर द्या. स्प्रिंग नंतर.

मी म्हणतो ४, तुम्ही म्हणता ६. दोघांनीही पुढच्या डँपरच्या चकाकत्या दांड्यावर प्लॅस्टिकची झिप टाय बांधून, खाली सरकवून, नेहमीच्या रस्त्यावर आठवडाभर चालवू. टाय जिथे थांबेल तिथून बंप स्टॉपपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये इथे लिहा. माझी टाय स्टॉपला टेकलेली निघाली तर मी ५ ची जोडी मागवतो. तुमच्याकडे वर ३० मिमी कोरे राहिले, तर तुम्ही ६ कशासाठी वागवताय ते सांगा.

रानपाखरू

मीही बांधते. मागच्या दांड्यालाही बांधायची ना?

चाकणकर

हो, चारही. आणि सोबत टायरचं हवेचं प्रेशर लिहा, नाहीतर आकडे ताडता येणार नाहीत.