नाशिकला राहून ठाण्यात वनबीएचके भाड्याने द्यायला घ्यावा का?

पाथर्डीफाटेकर

नमस्कार मंडळी. मी अंबडला एका कंपनीत आहे. राहायला पाथर्डी फाट्याला, घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं. दिंडोरीकडच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा वाटा विकून ३८ लाख हातात आलेत. एफडीत टाकून गप्प बसायचं जिवावर येतंय.

धाकटी बहीण मुलुंडला असते. तिच्या ओळखीने घोडबंदर रोडला एक वनबीएचके बघितला. दहा वर्षांची बिल्डिंग, चौथा मजला, ८५ लाख सांगतायत. ५० लाख कर्ज काढायचा विचार आहे. एजंट म्हणतो पंचवीस हजार भाडं कुठेच गेलं नाही, मेट्रो पूर्ण सुरू झाली की तीस. बायकोचं म्हणणं, एवढ्या पैशात नाशिकलाच दोन घेऊ, निदान डोळ्यासमोर राहतील. लांबून फ्लॅट सांभाळणारं कोणी आहे का इथे? भाड्यातून हप्ता निघतो का?

गोदाकाठ

हप्ता निघत नाही. आधी हे डोक्यातून काढा, मग बाकीचं बोलू.

बँकेत नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. ठाण्यात माझाही एक फ्लॅट भाड्याने आहे आणि मी राहते गंगापूर रोडला. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

तुमचा हिशोब पहिल्याच पायरीवर अडतोय. ३८ आणि ५० मिळून ८८ होतात. फ्लॅट ८५ चा असला तरी मुद्रांक शुल्क ठाण्यात सात टक्के धरा, म्हणजे सहा लाखांना थोडे कमी. नोंदणीचे ३० हजार. एजंटचा एक टक्का. झाले ९२ लाख. त्यात सोसायटीचं ट्रान्सफर, रंगकाम, गिझर, पंखे, खिडक्यांना जाळ्या अजून धरलेल्याच नाहीत. आणि बँक मुद्रांक शुल्कासाठी सहसा कर्ज देत नाही, ते खिशातूनच जातं.

आता हप्ता. ५० लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं म्हणजे महिना ४३ हजारांच्या पुढे. भाडं पंचवीस. वर्षाला एक महिना घर रिकामं राहतं असं धरायचंच, कारण जुना गेला की नवा त्याच दिवशी सामान घेऊन येत नाही. वर्षाचे आले पावणेतीन लाख. त्यातून मेंटेनन्स (वनबीएचकेला चार हजार धरले), घरपट्टी, भाडेकरू बदलला तर एजंटची महिन्याची दलाली वजा करा. हातात एक लाख नव्वदच्या आसपास राहतात. ९२ लाखांवर हे दोन टक्के झाले. म्हणजे दर महिन्याला सत्तावीस-अठ्ठावीस हजार पगारातून घालायची तयारी हवी, तीही कित्येक वर्षं. ते जमत असेल आणि दहा-पंधरा वर्षं विकायचा नसेल, तर घ्या. भाव वाढेल या भरवशावर घेताय, भाड्याच्या नाही, एवढं स्वतःशी कबूल असू द्या.

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी म्हणून (मालक स्वतः न राहता भाड्याने देतो त्याचं शुल्क) काय घेते ते आधी विचारा. शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. काही सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावतात आणि लांबचा मालक भांडायला येत नाही हे त्यांना ठाऊक असतं.

लांबून सांभाळण्याचं म्हणाल तर रोजचं काही नसतं, पण जे येतं ते अडचणीच्या वेळी येतं. मागच्या पावसाळ्यात सोसायटीचं पत्र आलं, खालच्या मजल्यावर ओल आली, आठ दिवसांत दुरुस्ती करा. भाडेकरूने मोबाईल धरून बाथरूमच्या कोपऱ्यात टॉर्च मारला. नहाणीच्या जाळीभोवतीचं सिमेंट बोटाने उकरलं तर भुगा निघत होता. प्लंबरने तिथूनच सांगितलं, 'मॅडम, पूर्ण फोडायला लागेल, पस्तीस.' पंचवटी एक्स्प्रेसने ठाण्याला गेले, समोर उभी राहिले, तेव्हा फक्त जाळी काढून नवी बसवली आणि टाइल्सच्या फटी भरल्या, चौदा हजारांत. पस्तीस आणि चौदामधला फरक हा तिथे उभं राहण्याचा. तुमची बहीण मुलुंडला आहे हे म्हणूनच मोलाचं आहे. पण तिला विचारलंय का? की 'ताई आहे ना तिथे' असं घरात परस्पर ठरलंय?

बाणेर_ते_मेरी

गोदाकाठ मॅडमशी सहमत. माझा फ्लॅट पुण्यात बाणेरला, मी नाशिकला मेरीजवळ राहतो. पुण्यात एक गोष्ट लक्षात ठेवा, स्वतः राहत असाल तर महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिला की ती जाते. घेताना कोणी सांगत नाही, बिल आल्यावर कळतं.

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तुमच्या केसमध्ये ८५ हजार. दोघांच्या नावावर घेतलं तर नाही मिळत. मात्र पैसा तुमचा असेल तर भाडं तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं, तिथे वाचत नाही काही.

सिडको_सेक्टर

मला वहिनींचं पटतंय. नाशिकला भाव आणि भाडं यांचं गणित थोडं बरं बसतं. अंबड-सातपूरला येणारे इंजिनिअर, आडगावला मेडिकलची पोरं, भाडेकरूंचा तोटा नाही. फक्त कुंभमेळ्याच्या नावाखाली कोणी २०२७ चं भाडं दाखवत असेल तर हसून सोडून द्या. मेळा चार दिवसांचा, हप्ता वीस वर्षांचा.

आणि 'एवढ्या पैशात दोन' म्हणजे डोकेदुखीही दोन हे वहिनींना सांगा, हा हा.

कागदोपत्री

करारावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही हे बाहेरच्या राज्यातलं ज्ञान झालं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं दहा टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. पंचवीस हजार भाडं आणि पाऊण लाख डिपॉझिट असेल तर सातशेच्या घरात, वर नोंदणीचे हजार.

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चाच करा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट शुल्क मागता येतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायला विसरू नका, तेही ऑनलाइन होतं.

पाथर्डीफाटेकर

सगळ्यांचे आभार. ९२ चा आकडा बायकोला दाखवला, तिने काही न बोलता चहा ठेवला. बहिणीशी बोललो. ती म्हणाली, चावी ठेवीन, प्लंबरसमोर उभी राहीन, पण भाडं मागायला फोन करणार नाही. रास्त आहे.

दोन शंका. सहीसाठी मला दर वेळी ठाण्याला जावं लागेल का? आणि व्याजाची करसवलत धरली तर दोन टक्क्यांचं चित्र बदलतं का? मी नवीन करप्रणालीत आहे.

गोदाकाठ

सहीसाठी जायला नको. ऑनलाइन नोंदणीत तुमचा अंगठा नाशिकला आणि भाडेकरूचा ठाण्यात घेता येतो. एजंट मशीन घेऊन घरी येतात.

कराचं म्हणाल तर भाड्यातून घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट, मग व्याज. तुमचं पहिल्या वर्षाचं व्याजच सव्वाचार लाखांच्या आसपास असेल, त्यामुळे भाड्यावर कर काही लागणार नाही. पण नवीन प्रणालीत उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत दोन लाखांपर्यंत होतो. तेवढ्यासाठी जुन्यात जावं का, हे तुमच्या बाकीच्या वजावटींवर आहे, सीएला फॉर्म १६ दाखवून विचारा.

आणि त्या एजंटला सांगा, त्याच बिल्डिंगमधले मागच्या वर्षीचे दोन नोंदणीकृत करार दाखव. त्यात पंचवीस दिसले तर पंचवीस. बावीस दिसले तर ८५ वर बोलणं सुरू करा. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) आणि सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालंय का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.