कडक उन्हात सोलर इन्व्हर्टर बंद. डीपी (गल्लीचा ट्रान्सफॉर्मर) खरंच 'फुल' झाली का?

शेवटचा_पोल: मंडळी, बार्शीजवळच्या गावात राहतो. गेल्या वर्षी छतावर 3 किलोवॅटचं सोलर बसवलं, 78 हजारांची सबसिडीही आली. वर्षभर काही तक्रार नव्हती. मग गल्लीत आणखी सहा घरांवर पॅनेल चढली. आता अकरा वाजले की इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा) 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज', म्हणजे लाइनचं व्होल्टेज जास्त, असं दाखवून बंद, पाच मिनिटांनी चालू, पुन्हा बंद. मल्टिमीटरवर 256 व्होल्ट. संध्याकाळी सातला त्याच प्लगमध्ये 212! सोलर बसवणारा म्हणतो, "डीपी फुल झाली." डीपी 200 केव्हीएची (म्हणजे ढोबळ 200 किलोवॅटची), 300 मीटरवर. आम्ही सात घरं मिळून 21 किलोवॅट. हिशोब कुठे चुकतोय?

जुना_वायरमन: डीपी नाही, तुमची तार भरलीय. आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या नियमाप्रमाणे डीपीच्या क्षमतेच्या 70 टक्के सोलर चालतं, म्हणजे तुमच्याकडे 140 पर्यंत. पण तो झाला कागद.

डीपीची खालची बाजू 433 व्होल्टची, म्हणजे एका फेजला 250. मुद्दाम जास्त ठेवलेलं, कारण वीज एकाच दिशेने जायची आणि शेवटच्या पोलपर्यंत बरेच व्होल्ट गळायचे. इन्व्हर्टर बंद पडायची मर्यादा 230 अधिक 10 टक्के, म्हणजे 253. उरले किती? तीन!

आता तुमचे 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपिअर. पोलवरच्या विझल तारेचा (ॲल्युमिनियमची बारीक तार) रोध किलोमीटरला साधारण 0.9 ओहम. 300 मीटर फेज, 300 मीटर न्यूट्रल. वीज उलटी डीपीकडे ढकलताना तुमच्याकडे सात व्होल्ट चढले, तेही एकट्या तुमच्या घराचे. दुपारी घरात पंखा आणि फ्रिज सोडून काय चालतं?

कुणी डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) खाली करा म्हणेल. करू नका, संध्याकाळचे 212 आणखी पडतील. सातही घरं तीनपैकी कुठल्या फेजवर आहेत ते आधी बघा. आणि इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून घेऊ नका, शेजाऱ्याचा टीव्ही जाईल.

अ‍ॅडलेडकर: इकडे इन्व्हर्टर एकदम बंद पडत नाही. 253 च्या वर गेला की हळूहळू उत्पादन कमी करतो. थोडी वीज जाते, पण दिवस वाया जात नाही. तुमच्या इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये 'व्होल्ट-वॅट' नावाची हीच सोय आहे का बघा.

शेवटचा_पोल: काका, तुमचं बरोबर निघालं. तीन चकरा आणि एक लेखी अर्ज झाल्यावर वायरमन पोलवर चढला. सातपैकी पाच घरं एकाच फेजवर! दोघांच्या सर्व्हिस वायर हलवल्या. काल दुपारी 250 होते, एकदाच बंद पडला. व्होल्ट-वॅट माझ्यात आहे, पण पासवर्ड बसवणाऱ्याकडे, आणि तो फोन उचलत नाही.

जुना_वायरमन: तोवर पाण्याची मोटर सकाळी नको, बाराला लावा. आठवं घर सोलर घेणार असेल तर जाड तार आधी मागा. 5 किलोवॅटपर्यंत लाइन मजबूत करायचा खर्च वीज कंपनीचा, 2024 च्या केंद्राच्या नियमात आहे. अर्जात तेवढी ओळ टाका.