‘हर्डी गर्डी’: कळप वळण्याचा हा खेळ मागे का पडला?

रानवाट (प्रश्न)

‘कोअर डिझाइन’ने तयार केलेला आणि ‘आयडॉस’ने २००२ मध्ये प्लेस्टेशन २ साठी प्रकाशित केलेला ‘हर्डी गर्डी’ येथे कोणी खेळला आहे का? वडील जादूने निद्रिस्त झाल्यामुळे गर्डी नावाच्या मुलाला प्राणी हाकण्याच्या स्पर्धेत उतरावे लागते, एवढीच त्याची गोष्ट आहे. मात्र खेळण्याची रीत इतकी वेगळी आहे, की तो पुन्हा खेळताना मला त्याचे नव्याने आश्चर्य वाटले. येथे शत्रूला मारायचे नसते. बुजऱ्या प्राण्यांना न पांगवता कोंडवाड्यापर्यंत न्यायचे असते. असा खेळ जवळजवळ विस्मरणात का गेला असावा? आणि याच जातीचे आणखी कोणते खेळ आहेत?

सावकाश

मी तो पूर्ण खेळलो आहे आणि आजही मला तो मनापासून आवडतो. त्याचे खरे मर्म ‘डूप’ आणि ‘ग्रॉम्प’ या दोन प्राण्यांच्या परस्परविरोधी स्वभावात आहे. डूप गर्डीला पाहून दूर पळतात, म्हणून त्यांना न्यायचे असेल तर मागे राहावे लागते. याउलट ग्रॉम्प गर्डीच्या अंगावर धावून येतात, म्हणून त्यांना पिंजऱ्यात आणायचे असेल तर स्वतः पुढे पळावे लागते. त्यात ग्रॉम्प डूपना खाऊन टाकतात. त्यामुळे पाऊल टाकण्यापूर्वी आधी कोणाची व्यवस्था लावायची, कोणती वाट मोकळी ठेवायची आणि आपण नेमके कोठे उभे राहायचे, याचा विचार करावाच लागतो. दोन साध्या नियमांतून इतकी गुंतागुंत उभी करणे ही फार मोठी कारागिरी आहे.

मागे पडण्याची कारणे मला दोन दिसतात. एक म्हणजे, एका भागातून दुसऱ्या भागात जाताना फार वेळ थांबावे लागे आणि कॅमेराही अनेकदा आडवा येई. दुसरे म्हणजे, त्याचे चित्रमय रूप पाहून लोकांनी त्याला उड्या मारण्याचा आणखी एक खेळ समजले. ‘जॅक अँड डॅक्स्टर’ २००१ च्या अखेरीस आला होता आणि ‘रॅचेट अँड क्लँक’ २००२ मध्येच आला. त्या वेगाची अपेक्षा ठेवून आलेल्याला कळपामागे हळूहळू चालणे कंटाळवाणे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

कळपशास्त्र

या खेळाची गंमत खऱ्या जनावरांच्या वागणुकीशी जुळते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य कड असते. माणूस तिच्या आत आला, की ते दूर सरकते. फार आत शिरल्यास ते बिथरते, आणि कडेच्या बाहेर राहिल्यास जागचे हलत नाही. गुरे हाकणाऱ्याचे सारे कौशल्य या कडेवर राहण्यात असते. शिवाय खांद्याच्या मागच्या बाजूने जवळ गेल्यास जनावर पुढे जाते आणि खांद्याच्या पुढून गेल्यास मागे वळते.

मेंढ्यांना आणि त्यांना हाकणाऱ्या कुत्र्याला जीपीएस यंत्रे बांधून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ द रॉयल सोसायटी इंटरफेस’मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याचे काम दोनच नियमांत मांडता येते, असे त्यात दाखवले आहे: कळप पांगलेला असेल तर त्याला एकत्र आणणे आणि एकत्र असेल तर पुढे ढकलणे. डूप वळताना आपणही नकळत हेच करू लागतो. पुढे गेलेल्या दहांचा मोह सोडून मागे राहिलेल्या एकाकडे वळणे ही सवय लागायला मला बराच वेळ लागला होता.

हाकारा

दुसऱ्या प्रश्नाविषयी. ‘लेमिंग्ज’ (१९९१) आणि ‘पिकमिन’ (२००१) यांची नावे नेहमी घेतली जातात, पण माझ्या मते ते वेगळ्या जातीचे खेळ आहेत. लेमिंगला आपण काम नेमून देतो आणि पिकमिन आपल्या शिट्टीसरशी येतात. म्हणजे दोन्हीकडे आज्ञा चालते. वळण्याच्या खेळात आज्ञा नसते, केवळ आपली उपस्थिती असते.

या कसोटीला उतरणारे दोन खेळ सुचवतो. ‘शीप’ (२०००) मध्ये माणूस किंवा कुत्रा यांपैकी राखण्या निवडून, निरनिराळ्या स्वभावांच्या चार जातींच्या मेंढ्यांना अडथळ्यांतून पार न्यायचे असते. ‘फ्लॉक!’ (२००९, प्रकाशक कॅपकॉम) मध्ये आपण उडती तबकडी असतो आणि तिला बुजणारे प्राणी मुख्य यानापर्यंत हाकत न्यायचे असतात. मेंढी भिजली, की तिची लोकर आकसते आणि ती अरुंद फटीतून जाऊ शकते, ही त्यातली कल्पना मला विशेष आवडते. स्वतःचे टप्पे रचण्याची सोयही त्यात आहे.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. आज्ञा आणि उपस्थिती हा भेद वाचल्यावर माझी एक चूक लक्षात आली: मी डूपना सतत ‘चालवू’ पाहत होतो आणि प्रत्येक वेळी फार जवळ जात होतो. काल दोन पावले मागे राहून तोच टप्पा पुन्हा खेळलो, तर वळणावर नेहमी फुटणारा कळप सलग गेला. ग्रॉम्पला आधी पिंजऱ्यात घालण्याचा क्रमही उपयोगी पडला. यानंतर ‘शीप’पासून सुरुवात करतो आणि त्या चार जातींचे स्वभाव कसे वेगळे आहेत, ते येथेच लिहितो.