मदत हवी आहे: नवीन काँक्रीट रस्त्याला भेगा, उद्या पाहणी आहे

घाईत: जुनं डांबर उखडून काँक्रीट टाकतोय. परवाच्या टप्प्यात भेगा दिसतायत. भेगांत इपॉक्सी (घट्ट होणारं चिकट रसायन) भरली तर चालेल का? फक्त हो किंवा नाही सांगा.

खडीवाला: जाडी किती? सांधे (काँक्रीट आकसेल म्हणून कटरने पाडायच्या खाचा) कधी कापले? भेग कडेपासून कडेपर्यंत आहे की मध्येच विरते?

घाईत: जाडी नेहमीचीच. फोटो चढत नाहीये.

भटक्या: डांबर काय वाईट होतं? खड्डा पडला की बुजवला, तासाभरात गाड्या चालू. काँक्रीटला क्युरिंग, म्हणजे ते ओलं ठेवत बसा.

खडीवाला: आणि पाणी साचलं की तेच डांबर पुन्हा सुटतं. असो, विषय तो नाही.

अनुभवी: ऊन-वारा होता का? वरचं पाणी भराभर उडालं की केसासारख्या बारीक भेगा पडतात, बहुतेक वरवरच्या. ओली गोणपाटं टाका, घाबरू नका.

नवा_गडी: व्हाइटटॉपिंग करा ना, म्हणजे डांबरावरच काँक्रीट; डांबर काढायचीच गरज नाही.

खडीवाला: अहो, उखडलंय म्हणतोय तो!

घाईत: जाडी २५० मिमी. भेगा रस्ताभर आडव्या, सांध्यापासून फूटभरावर. कटर दुसऱ्या दिवशी दुपारी आला, जनरेटर बंद होता. आता तरी सांगा.

खडीवाला: हे आधी सांगायचं ना राव. काँक्रीट आकसणारच. खाच वेळेवर मिळाली नाही की ते हवं तिथे फुटतं. कटरने खडी उचकटत नाही इतपत घट्ट झालं की लगेच कापायचं, उन्हाळ्यात चार-सहा तासांतसुद्धा. २५० ला ६५ ते ८० मिमी खोल. गोणपाटाने ही भेग जाणार नाही.

अनुभवी: डॉवेल (सांध्यात दोन स्लॅबना जोडणाऱ्या सळया) तिरके बसले तरी स्लॅब अडकून असाच फुटतो. गुळगुळीत सळई होती ना? अर्ध्या भागाला प्लॅस्टिकची नळी?

घाईत: नळी होती. इपॉक्सीचं काय?

खडीवाला: नाही. भेगेवरच कोअर (यंत्राने कापलेला गोल नमुना) काढा. वरच्या वर थांबली असेल तर भरून चालेल. तळापर्यंत गेली असेल तर तेवढा पट्टा पूर्ण खोलीने तोडून, डॉवेल बसवून पुन्हा ओतावा लागेल. इपॉक्सीने झाकून पाहणीला उभे राहू नका, साहेब पहिला कोअर तिथेच मारायला सांगतील.

भटक्या: म्हणून म्हणतो, डांबर.

नवा_गडी: काँक्रीटवर टायर लवकर झिजतात हे खरं का?

घाईत: टायरचा धागा वेगळा काढा. कोअर काढलेलं भोक कशाने भरायचं?

अनुभवी: न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटचा ओतायचा मसाला). आधी भोक नीट ओलं करा.